गर्दीच्या काठावर कोणतं साहित्य चालतं: शेजाऱ्याच्या बाजूने केलेलं परीक्षण

गळाने मासे धरण्याच्या साहित्याचं परीक्षण करताना दोनच गोष्टी बघितल्या जातात: गळ किती लांब जातो आणि काठी किती मोठा मासा पेलते. काठावर दर आठ-दहा पावलांवर एक माणूस बसलेला असेल, तर या दोन्ही गोष्टी मागे पडतात. तिथे साहित्याने तीन कामं करायला हवीत. टाकलेला गळ टाकल्या जागी राहिला पाहिजे, लागलेला मासा लवकर काठाला आला पाहिजे, आणि काही गुंतलं तर ते कुणाचं नुकसान न होता सुटलं पाहिजे. नदीवरच्या कटकटी बहुतेक वेळा हलक्या शिशातून (गळ तळाला धरून ठेवणारं वजन), ढिल्या ड्रॅगमधून (मासा ओढताना रीलमधून दोर किती जोराला सुटेल हे ठरवणारा ब्रेक) आणि चुकीच्या तंगुसातून सुरू होतात. माणूस स्वभावाने कितीही सज्जन असला तरी त्याचं शिसं प्रवाहाबरोबर घरंगळत चार जणांची तंगुसं गोळा करत असेल, तर त्या सज्जनपणाचा शेजाऱ्याला काही उपयोग नाही. म्हणून इथे प्रत्येक वस्तू त्याच नजरेने तपासली आहे.

आधी थोडं गणित, कारण पुढचे सगळे निवाडे त्यावर उभे आहेत. गर्दीच्या काठावर प्रत्येकाच्या वाट्याला पाण्याचा एक पट्टा येतो: आपल्या समोर सरळ जाणारा, दोन्ही शेजाऱ्यांच्या मधला. खालच्या अंगाला बसलेला शेजारी १० मीटरवर आहे आणि तुम्ही ४० मीटर तंगूस सोडलं आहे असं धरा. प्रवाहाने ते तंगूस फक्त १५ अंश खाली ढकललं, की तुमचा गळ १० मीटरहून थोडा जास्त सरकलेला असतो, म्हणजे थेट शेजाऱ्याच्या समोर. तेच तंगूस २० मीटर असेल तर ३० अंश कलेपर्यंत तुम्ही आपल्या पट्ट्यात राहता. ६० मीटरवर मात्र १० अंशही पुरतात. अंतर वाढवलं की चुकीला जागा उरत नाही. बहुतेक नद्यांत काठाजवळची खोल कड, वेगवान धार आणि संथ पाणी यांची सीमा, दगडांमागचा आडोसा, या मासे थांबण्याच्या जागा २० मीटरच्या आतही सापडतात. लांब फेकण्याचा मोह हा बऱ्याचदा नुसता मोहच असतो.

शिसं ही या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू. गोल आणि अंडाकृती शिसं गर्दीत नको. ते घरंगळण्यासाठीच बनलेलं असतं. मोकळ्या नदीवर तळ चाचपडत नेण्यासाठी ते छान, पण शेजारी असताना ते कमानीसारखा फेरा मारत खालच्या काठाला लागतं आणि वाटेतलं सगळं सोबत आणतं. चपटं, नाण्यासारखं शिसं दगडगोट्यांच्या आणि कडक मातीच्या तळावर चांगलं टिकतं, कारण प्रवाह त्याच्यावरून निघून जातो. पिरॅमिडच्या आकाराचं शिसं वाळूत आणि मऊ चिखलात रुततं, मात्र दगडांच्या फटीत हमखास अडकतं. तारांचे चार पाय असलेलं पकड-शिसं जोराच्या धारेत सर्वांत भरवशाचं. त्याचे पाय जोरात ओढल्यावर मागे पडतात आणि ते सुटून येतं. विकत घेताना हे पाय हाताने पाडून बघावेत. काहींचे पाय इतके घट्ट असतात की ६ किलो ताण पेलणारं तंगूस तुटेल पण पाय पडणार नाहीत, आणि काहींचे इतके ढिले की पहिल्याच लाटेला सोडून देतात.

वजन किती, याचं उत्तर पाण्यात मिळतं. थैलीत ३०, ४५, ६०, ९० आणि १२० ग्रॅम असे टप्पे असावेत. ३० ग्रॅमपासून सुरुवात करा, तळाला लागल्यावर तंगूस ताणून पाच मिनिटं काठीचं टोक बघा. टोक एकसारखं टकटक करत पुढे-मागे होत असेल तर शिसं घरंगळतंय. पुढच्या टप्प्यावर जा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की तंगुसावरचा रेटा साधारण चौपट होतो, त्यामुळे वर पाऊस पडून किंवा धरणातून पाणी सोडल्यामुळे नदी थोडी जरी वेगाने वाहू लागली, तरी मघाशी टिकणारं शिसं आता टिकणार नाही. पाण्यात काडीकचरा वाहायला लागला की तो तंगुसावर चढतो आणि रेटा आणखी वाढतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी गळ काढून तंगूस पुसून घेणं हा इथे आमिष तपासण्याइतकाच जरुरीचा भाग आहे. खूप जड शिशाचा तोटा म्हणजे लहान माशाचा ठोका कळत नाही. गर्दीच्या काठावर तो सोसावा.

शिशाऐवजी पोलादी वजनं वापरावीत का? वापरावीत, आणि लहान मापांत तर नक्कीच. गिळलेल्या शिशाच्या गोळ्यांमुळे हंस मरत असल्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाचा तुकडा आकाराने जवळजवळ दीडपट होतो आणि त्याला प्रवाह जास्त लागतो. १०० ग्रॅम शिसं पाण्यात ९१ ग्रॅमचं काम करतं, पोलाद ८७ ग्रॅमचं; फरक वजनापेक्षा आकारामुळे जास्त जाणवतो. त्यामुळे पोलादी वजन एक टप्पा जड घ्यावं. दोऱ्याला दगड बांधणारे मात्र फसतात, कारण १०० ग्रॅमचा दगड पाण्यात जेमतेम ६० ग्रॅमचा उरतो आणि मोठा असल्याने पटकन वाहतो.

आता तंगूस. इथे आमचं मत ठाम आहे आणि ते अनेकांना पटणार नाही: गर्दीच्या काठावर मुख्य दोर म्हणून विणलेली ब्रेडची लाइन नको, साधं नायलॉनचं एकधागी तंगूस हवं. ब्रेडचे फायदे खरे आहेत. तेवढ्याच ताकदीला ती बरीच बारीक असते, प्रवाह कमी धरते, त्यामुळे हलक्या वजनावरही तळाशी टिकते, आणि न ताणल्यामुळे ठोका लगेच कळतो. पण ती दुसऱ्याच्या नायलॉनवर आडवी पडून ताणली गेली की ते करवतल्यासारखं कापते. माशाच्या धावेत तर क्षणात. गुंता झाला तर ब्रेडची गाठ स्वतःतच रुतते, सुटत नाही, शेवटी कुणाचं तरी कापावंच लागतं. ताणलेली ब्रेड उघड्या हाताने धरली तर बोट चिरतं. आणि अडकलेलं शिसं ब्रेडने ओढताना अचानक सुटलं की साठलेला सगळा ताण काठीच्या टोकातून बाहेर पडतो आणि शिसं सरळ काठाकडे उडत येतं.

नायलॉन ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचं, ६ ते ९ किलो ताकदीचं घ्यावं. रंग पिवळा, नारिंगी किंवा असाच लांबून दिसणारा. माशाला दिसेल ही भीती असेल तर शेवटचं मीटरभर पारदर्शक लीडर (मुख्य तंगूस आणि गळ यांच्यामधला वेगळा तुकडा) बांधा. पाण्याबाहेरचा रंग तर शेजाऱ्यासाठी आहे. तुमचं तंगूस नेमकं कुठे पाण्यात शिरतं हे त्याला दिसलं, तर तो त्यावरून गळ टाकणार नाही. पारदर्शक तंगूस उन्हात पाच मीटरवरूनही दिसत नाही. रीलवर १२० ते १५० मीटर पुरे. नायलॉन ऊन खाऊन कमकुवत होतं आणि रीलवर राहून वेटोळं धरतं. वेटोळी धरलेलं तंगूस फेकताना झुंबडीने बाहेर येतं आणि वाऱ्यावर शेजाऱ्याच्या काठीवर जाऊन पडतं. बोटांच्या चिमटीतून पहिले काही मीटर ओढून पाहा, खरखर लागली किंवा पांढुरके चट्टे दिसले तर तेवढं कापून टाका. सगळंच तसं असेल तर बदला.

बारीक तंगूस वापरून मोठा मासा दमवण्याची हौस इथे नको. २ किलोच्या तंगुसावर मासा अर्धा तास खेळवणं म्हणजे तेवढा वेळ दोन्हीकडच्या सहा जणांना गळ बाहेर काढून उभं ठेवणं. शिवाय दमून काठाला आलेला मासा परत सोडला तरी जगण्याची शक्यता कमी होते.

मांडणी कशी करावी, यात एक बारीक पेच आहे. नियम असा की लीडर मुख्य तंगुसापेक्षा कमजोर असावं: मुख्य ८ किलो, तर गळाचं लीडर ६ किलो. म्हणजे गळ अडकला तर फक्त गळ आणि हातभर लीडर जाईल. मुख्य तंगूसच तुटलं तर ३० मीटर दोर नदीत राहतो, आणि त्या जागी पुढे टाकलेला प्रत्येक गळ त्यात अडकतो. पाणपक्षी आणि कासवं त्यात गुरफटतात ते वेगळंच. याच विचाराने अनेक जण शिसंसुद्धा ३-४ किलोच्या कच्च्या धाग्यावर लटकवतात. शिसं अडकलं की ते सुटून जातं आणि बाकी सगळं परत येतं. कल्पना उत्तम, पण जोरात फेकताना तो कच्चा धागाच तुटतो आणि ६० ग्रॅमचं शिसं मोकळं होऊन भलत्याच दिशेला जातं. गर्दीत याहून धोकादायक काही नाही. म्हणून कच्चा धागा फक्त खालून झुलवून टाकलेल्या हलक्या गळासाठी. जोरात फेकायचं असेल तर शिसं हवेत असताना घट्ट धरणारी आणि पाण्यात पडल्यावर सोडणारी क्लिप घ्यावी. अशी क्लिप मिळाली नाही तर कच्चा धागा सोडून द्यावा.

फेकण्याचा झटका सोसण्यासाठी मुख्य तंगुसाच्या पुढे जो जाड तुकडा जोडतात, त्या शॉक लीडरचा जुना हिशेब असा: दर २८ ग्रॅम वजनामागे साधारण साडेचार किलोची ताकद. ६० ग्रॅमला म्हणजे १० किलोच्या आसपास. ८ किलोच्या मुख्य तंगुसावर ६० ग्रॅम जोरात मारायचं असेल तर १० ते १२ किलोचं शॉक लीडर जोडा. लांबी इतकी की फेकताना रीलवर त्याचे निदान तीन-चार वेढे राहावेत. गाठ आवळण्यापूर्वी ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथेच तंगूस निम्म्या ताकदीचं होऊ शकतं. फेकताना रीलची बेल (दोर चाकावर वळवणारी, उघडमीट होणारी तार) अचानक मिटण्याचा दोष काही स्वस्त रीलमध्ये असतो. तसं झालं की दोर हवेतच थांबतो आणि शिसं तुटून उडतं. दुकानातच बेल उघडून काठीला हिसका द्या. मिटली तर ते रील घेऊ नका.

काठीबद्दल. २.४ ते २.७ मीटर, दोन तुकड्यांची, मध्यम किंवा मध्यम-जड, टोकाशी वाकणारी. एवढी काठी डोक्यावरून फेकायला मागे फार जागा मागत नाही आणि खालून झुलवूनही २०-२५ मीटर सहज टाकते. ३.६ मीटर किंवा जास्त लांबीच्या काठीने तंगूस पाण्यावर उचलून धरता येतं, तरंडा (गळाचा पाण्यावर तरंगणारा बूच) प्रवाहात नीट चालवता येतो. पण डावी-उजवीकडे तिचं टोक शेजाऱ्याच्या डोक्यावर येतं. दोघांमध्ये निदान तीन काठ्यांइतकं अंतर असेल तरच ती न्यावी. दुर्बिणीसारख्या मिटणाऱ्या काठ्या नेण्या-आणण्याला सोयीच्या, पण वाळू शिरली की तुकडे अडकतात, आणि काहींचं वरचं कडं फिरून तंगूस काठीभोवती गुंडाळलं जातं. तो गुंता सोडवेपर्यंत तुमचा गळ पाण्यात बेवारस वाहत असतो.

खालून झुलवून टाकायची पद्धत गर्दीत सर्वांत निर्धोक. शिसं काठीच्या निम्म्या लांबीइतकं खाली सोडा, बेल उघडून तंगूस तर्जनीवर धरा, काठी पुढे रोखून शिसं हलकेच पाय आणि पाणी यांच्या मधे झुलवा, दुसऱ्या झोक्याला शिसं पुढे जात असताना बोट सोडा. बोट उशिरा सुटलं तर शिसं वर आकाशात जातं, लवकर सुटलं तर पायाशी आदळतं. दोन्हींत शेजारी वाचतो. बाजूने आडवं फेकणं मात्र पूर्ण वर्ज्य. त्यात बोट क्षणभर चुकलं की गळ ९० अंशांत कुठेही जातो, आणि त्या ९० अंशांत माणसं असतात. डोक्यावरून फेकताना दर वेळी मान वळवून मागे बघायचं, कारण मागच्या पायवाटेने कुणी जात असू शकतं. दिशा सरळ समोर, किंवा धार जोराची असेल तर किंचित वरच्या अंगाला, म्हणजे शिसं तळाला लागेपर्यंत प्रवाह त्याला तुमच्या समोर आणून ठेवतो. शेजारी तरंडा वाहू देत असेल तर त्याचा तरंडा पट्ट्याच्या शेवटाला जाईपर्यंत थांबा.

रील ३००० ते ४००० मापाचं फिरकी रील पुरेसं आहे. बेटकास्टिंग रील (फेकताना ज्याचं चाकच फिरून दोर सोडतं) हाताळायला सरावलेला अंगठा लागतो. जरा चुकलं की चाकावर तंगुसाचं घरटं होतं, आणि वारा असेल तर सरावलेल्यांचंही. फिरकी रीलमध्ये एका फेऱ्याला ७५-८० सेंटिमीटर दोर गोळा करणारं घ्या. शेजाऱ्याला मासा लागला की तुमचा २० मीटरवरचा गळ पंचवीस-सव्वीस फेऱ्यांत बाहेर येतो. हळू रीलवर तेवढ्या वेळात त्याचा मासा तुमच्या तंगुसाला गुंडाळून गेलेला असतो.

ड्रॅग अंदाजाने लावू नये. तंगूस कड्यांतून ओवून टोक स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधा, काठी ४५ अंशांवर धरा, आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. ८ किलोच्या तंगुसाला २ ते २.६ किलोवर रील सुटायला हवं, म्हणजे ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. सुटताना एकसारखं सुटतं का, हे महत्त्वाचं. थांबत-झटकत सुटत असेल तर आतल्या चकत्या कोरड्या झाल्या आहेत किंवा दाबून बसल्या आहेत. घरी परतल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवला तर चकत्या दबत नाहीत. ढिल्या ड्रॅगवर माशाची रिळावरची किरकिर ऐकायला कितीही गोड वाटली, तरी तो धावतो ते दुसऱ्यांच्या पट्ट्यांतून.

ज्या रीलमध्ये मागची कळ दाबली की चाक मोकळं फिरतं, अशी रीलं अलीकडे सर्रास दिसतात. काठी रोवून ठेवली आणि मोठ्या माशाने हिसका दिला तर काठी पाण्यात जात नाही, हा फायदा खरा. गर्दीत मात्र या सोयीचा आळस होतो. मोकळ्या चाकावर मासा २० मीटर खाली गेला तरी मालक चहा पीत असतो. मोकळ्या फिरण्याचा ताण वेगळ्या नॉबने लावता येतो. प्रवाहाला दोर ओढता येणार नाही आणि माशाला कष्टाने ओढावा लागेल इतका तो कसा, आणि काठी हाताच्या अंतरावर ठेवा. हात पोहोचणार नसेल तर काठी बाहेर काढून ठेवा. याच कारणाने गर्दीत एका माणसाने एकच काठी लावावी. तीन काठ्यांचा तिकाटणा दोन माणसांची जागा खातो, आणि एकीला मासा लागल्यावर उरलेल्या दोन काढायला तिसरा हात नसतो.

गळ उलट्या काट्याविना असावा. तसा मिळाला नाही तर चपट्या पकडीने काटा दाबून टाका. नंतर कापसाच्या बोळ्यातून गळ ओढून पाहा, धागे अडकले तर काटा अजून शिल्लक आहे. बिनकाट्याचा गळ जाळीतून, कपड्यातून आणि वेळ आलीच तर माणसाच्या बोटातूनही सहज निघतो. मासा निसटू नये म्हणून दोर कायम ताणलेला ठेवायचा, एवढंच कसब त्याला लागतं. गोलाकार वळलेले सर्कल गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतात, पोटात क्वचितच जातात. त्यांना हिसका द्यायचा नसतो, हळूहळू दोर ताणत न्यायचा. हिसका देण्याची सवय मोडली की काठी मागे उसळून शेजाऱ्याच्या चेहऱ्याजवळ जाणंही थांबतं. तीन तोंडांचे गळ नकोत. कृत्रिम आमिषावर ते बसवूनच येतात, काढून एकेरी गळ लावा. आणि आमिषाचे गळ टाकून बसलेल्यांच्या रांगेत कृत्रिम आमिष तिरकं ओढत फिरवू नये. त्यासाठी रांगेच्या पलीकडची मोकळी जागा शोधावी. कुणाच्या अंगात काटेरी गळ डोळ्याजवळ, चेहऱ्यावर किंवा खोल रुतला तर काठावर प्रयोग न करता तंगूस कापून डॉक्टरकडे न्यावं, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं.

हातजाळी ही वस्तू लोक शेवटी घेतात, ती आधी घ्यायला हवी. तिच्याविना मासा काठावर ओढत आणायला वाकडं-तिकडं चालावं लागतं, म्हणजे शेजाऱ्याच्या पट्ट्यात. कडं ५५ ते ६० सेंटिमीटर, दांडा १.८ ते २.४ मीटर, जाळी गाठी नसलेली किंवा रबराचा लेप दिलेली. गाठीच्या नायलॉन जाळीत गळ असा रुततो की पाच मिनिटं जातात, आणि ती माशाचा चिकट थरही खरवडून काढते. निव्वळ रबराची जाळी माशाला सर्वांत मऊ, पण जड असते आणि जोराच्या धारेत पाणी धरते, दांडा हातात पिळवटतो. अशा पाण्यात लेपवाली बरी. मिटणाऱ्या त्रिकोणी चौकटीचा सांधा हा तिचा कच्चा दुवा. स्क्रू ढिला असेल तर मासा उचलतानाच चौकट मिटते. जाळी आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायची आणि मासा तिच्यावर ओढून घ्यायचा, मग दांडा उभा करून मागे ओढायचा. माशामागे जाळी मारत धावलं तर तो पुन्हा पळतो. शेजाऱ्याच्या माशाला जाळी लावायची तर आधी विचारावं, आणि त्याने होकार दिल्यावरही मासा तो सांगेल तेव्हाच उचलावा.

रात्रीसाठी डोक्यावरचा दिवा १०० ते २०० ल्युमेनचा पुरे. खरी परीक्षा बटणाची: पहिल्याच दाबाला लाल उजेड लागणारा दिवा घ्या. बहुतेक दिव्यांत लाल रंगापर्यंत पोहोचायला पांढऱ्या झोताचे तीन टप्पे ओलांडावे लागतात, आणि तोवर रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झालेला अंधार जातो. पाण्यावर झोत टाकू नये. काठीच्या टोकाला साधी पितळी घुंगरी बरी. इलेक्ट्रॉनिक घंटा घेतली तर आवाज कमी करायचा नॉब असलेलीच. दिवसा पोलराइज्ड चष्मा हवा, पाण्यावरची चमक कापून शेजाऱ्यांची तंगुसं त्यातून दिसतात आणि डोळे उडत्या गळापासून वाचतात.

चारा हाताने गोळे करून फेकला की प्रवाह तो खाली शेजाऱ्याकडे नेतो. तुमचे मासे त्याच्याकडे जातात आणि पाण्यात धपाधप आवाज होतो तो वेगळा. जाळीदार फीडरमध्ये एका वेळी मूठभर चारा भरला तर तो तुमच्याच गळाजवळ सुटतो. फीडरचं वजनही शिशासारखंच पारखून घ्या, कारण रिकामा झाल्यावर तो हलका होतो आणि मगाशी टिकलेला आता वाहायला लागतो.

काठी रोवायचा खुंटा ७५ ते ९० सेंटिमीटरचा, निदान २५ सेंटिमीटर जमिनीत जाणारा. खुर्ची आणि पेटी पाण्याच्या बाजूला ठेवून मागे मीटरभर वाट सोडावी. वाटेवर आडवी ठेवलेली काठी कुणाच्या तरी पायाखाली जाणारच.

एवढं करूनही गुंता होईल. शेजाऱ्याला मासा लागला आणि तो तुमच्या तंगुसाच्या पलीकडे असेल तर झटपट गुंडाळा. मासा आधीच गुंतला असेल तर ओढू नका. बेल उघडून दोर ढिला सोडा, म्हणजे दोन तंगुसं एकमेकांवर घासणार नाहीत. मासा काठाला आल्यावरच सोडवायला बसा. ज्याचं शिसं वाहून आलं त्याने आपलं लीडर कापायचं, मुख्य तंगूस कुणाचंच नाही. अडकलेला गळ तोडायची वेळ आली तर काठी वाकवून झटके देऊ नका: काठी सरळ गळाच्या दिशेने रोखा, दोर कापडात गुंडाळलेल्या हाताने किंवा लाकडाच्या तुकड्यावर वेढे घेऊन धरा, दोन्हीकडच्यांना सांगा, आणि तोंड बाजूला वळवून हळूहळू मागे चालत जा. कापलेलं तंगूस खिशात ठेवलं तर काढताना पडतं, म्हणून झाकणाला फट पाडलेली लहान प्लॅस्टिकची बाटली पिशवीला बांधून ठेवावी. टोक आत सरकवलं की उरलेलं बोटाने ढकलत जातं. घरी गेल्यावर त्याचे आखूड तुकडे करून कचऱ्यात टाका.